मार्चनंतर

अर्जावर त्यानं ठाशीव अक्षरात लिहिलं:
कुसाकाबे तोमोनोरी, वय अठ्ठेचाळीस.
तक्रार: चालू होत नाही.
कधीपासून: ब्याण्णव सालचा नोव्हेंबर.
कारण: धाकट्या बहिणीनं पाडलं.
शेवटच्या ओळीला पेन इतका दाबला होता
की खालच्या तीन कोऱ्या अर्जांवरही
ती बहीण उमटली.

मुरोरानला त्या दिवशी असं धुकं
की बंदरावरचा पूल निम्म्यातच संपत होता.
रॉकेलच्या शेगडीवर किटली ठेवली
आणि ते राखाडी यंत्र पालथं घातलं,
मासा साफ करायला घ्यावा तसं.

वाटलं, बॅटरीच्या कप्प्यात हिरवट मीठ फुललं असेल,
बहुतेकांचं तेच असतं.
नव्हतं. स्प्रिंगा लखलखीत.
माझ्या चार बॅटऱ्या घातल्या, स्विच सरकवला,
कट्. परत कट्.
लाल दिवा ढिम्म.

पडलेली यंत्रं मला कळतात.
कोपरे चहाडी करतात:
एखादी चीर, एखादा पांढरा ओरखडा.
हे कुठून पडलं नव्हतं.

मागे तीन पाकळ्यांचे स्क्रू.
त्या काळी तसा पेचकस कुणाच्या घरात असणार?
तरी कुणीतरी ते एकदा फिरवले होते,
एकही पाकळी न दुखावता.
साधा पेचकस कानशीवर घासत घासत
याच मापाला आणला असणार,
संध्याकाळ दोन संध्याकाळ बसून.

झाकण निघालं.
फ्यूजच्या जागी दोन रिकाम्या टिकल्या,
कथील पुसून स्वच्छ,
जेवून उठताना ताट निपटावं तशा.
एकवीस वर्षं मी कारखान्यात डाख लावले,
डाखामागचा हात ओळखते.
हा हात रागावलेला नव्हता.

झाकणाच्या आतल्या अंगाला पिवळी पडलेली चिकटपट्टी,
तिच्याखाली सिगारेटच्या पाकिटातली चांदी, चार घड्या,
आत तो फ्यूज, तांदळाच्या कणीएवढा,
आणि चांदीच्या कागदी पाठीवर पेन्सिलनं:
मार्चनंतर.

मार्चमध्ये इथं वरच्या शाळेची परीक्षा असते.
माझ्याही मुलानं दिली होती. असो.
मीटर लावला. पीं.
तेहेतीस वर्षं घडीत झोपून
फ्यूज धडधाकट.
तोच बसवला.

गुरुवारी तो आला, बसचालकाच्या गणवेशात,
पांढरे हातमोजे खिशात कोंबलेले.
मी विचारलं, वडील सिगारेट ओढायचे?
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
ओढायचे, म्हणाला.
त्र्याण्णवच्या फेब्रुवारीपर्यंत.

मग मी काही बोलले नाही.
चांदी त्याच्यापुढे सरकवली.
एवढा एकच शब्द,
पण त्याला वाचायला किती वेळ लागला!
किटली उकळून उकळून कोरडी पडत आली
तरी तो वाचतच होता.

मी स्विच सरकवला.
दिवा लागला, हिरवट पडद्यावर नाव वरून खाली उतरलं,
टिंग वाजलं.
त्याचं लक्षच नव्हतं.
माफ करा, एक मिनिट, म्हणत
फोन कानाला लावून तो बाहेर गेला.

काचेवर वाफ होती. कोपरानं पुसली.
फुटपाथवर, धुक्यात,
तो फोनला वाकून नमस्कार करत होता,
पुन्हा पुन्हा, कमरेतून,
टोपी पडली तरी.
धाकट्या बहिणीपुढे इतकं कुणी वाकत नाही
आमच्याकडे.

बिल लिहून ठेवलं.
डाख: दोन. सुटे भाग: काही नाही.
यंत्र काउंटरवर चालूच होतं,
कुणीतरी बटण दाबेल म्हणून
तीच दोन अक्षरं लुकलुकवत.
बॅटऱ्या माझ्या होत्या.
तरी राहू दिलं.